नित्यनियम कोणत्या खुंटीला टांगावा?

परमार्गात स्मरणाला जे स्थान आहे ते सर्वश्रुत आहे. त्याचे माहात्म्य येथे नव्याने सांगण्याचे प्रयोजन नाही. प्रयोजन आहे ते एका व्यावहारिक अडचणीचा विचार करण्याचे. उपदेश घेतल्यानंतर आरंभीचे काही दिवस नित्यनियम मोठ्या उत्साहाने चालतो. पुढे तो हळूहळू क्षीण होतो, आणि वर्ष उलटले की नियम नेमका केव्हा सुटला हेही स्मरत नाही. हा अनुभव इतक्या उपदेशी जनांचा आहे की एखाद्याच्या दुर्बळ श्रद्धेचा दोष म्हणून तो बाजूला सारता येत नाही. श्रद्धा असतेच, परंतु नियमाला दिवसात टेकण्यासाठी जागा नसते. वस्त्र कितीही मोलाचे असले तरी भिंतीला खुंटी नसेल तर ते भुईवर पडते, तद्वत हे होते. ठाणे, कल्याण व डोंबिवली या पट्ट्यातील नोकरदार उपदेशींच्या दिनक्रमात ही अडचण विशेष ठळकपणे दिसते, म्हणून विवेचनासाठी तोच प्रदेश घेतला आहे.

या प्रदेशाचा दिवस आगगाडीने बांधलेला आहे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून पहिली गाडी ठाण्यास आली आणि पुढील वर्षी, १ मे १८५४ रोजी, लोहमार्ग कल्याणपर्यंत पोहोचला. तेव्हापासून येथील माणूस घटका-पळे विसरून मिनिटे मोजू लागला असे म्हणावयास हरकत नाही. आज डोंबिवलीचा नोकरदार मुंबईस जातो तेव्हा एका बाजूस सुमारे ४८ किलोमीटरचा प्रवास करतो. घरापासून फलाटापर्यंतची चाल, गाडीची वाट पाहणे, उभ्याने जाणे आणि सायंकाळी तेच सर्व उलट दिशेने करणे, यात दिवसाचे तीन तास सहज जातात. असा गृहस्थ उपदेश घेऊन घरी येतो आणि उत्साहाच्या भरात संकल्प करतो की पहाटे उठून दोन तास स्मरण करावयाचे, लीळांचे वाचन करावयाचे, आणि रात्री पुन्हा पाठ म्हणावयाचा. पंधरा दिवस हे निभते. सोळाव्या दिवशी मुलाला ताप येतो किंवा कार्यालयात वर्षअखेरीचे काम निघते, आणि संकल्पाचा डोलारा एकदम खाली येतो. डोलारा मोठा असल्याने पुन्हा उभारण्याचे धैर्य होत नाही.

याच्या उलट, कित्येक प्रवासी अगदी लहान नियम वर्षानुवर्षे पाळताना आढळतात. मध्य रेल्वेच्या गाड्यांतील भजनी मंडळे सर्वांच्या परिचयाची आहेत. ठरलेली गाडी, ठरलेला डबा आणि ठरलेली माणसे असल्यामुळे, ज्याला घरी देवापुढे दहा मिनिटे बसणे जमत नाही तो गाडीत रोज तासभर टाळ धरतो. (त्या टाळांचा शेजारच्या दमलेल्या प्रवाशास होणारा उपद्रव हा वेगळा विषय आहे. परमार्गीयांचे स्मरण मनात चालते, त्याने कोणाची झोप मोडत नाही.) या मंडळींची भक्ती इतरांहून अधिक असते असे नाही. ज्या गोष्टीसाठी वेळ काढावा लागत नाही, जी काही केले तरी रोज घडणारच आहे, अशा गोष्टीला त्यांचा नियम टांगलेला असतो. त्यामुळे तो टिकतो.

आधुनिक मानसशास्त्राने याच गोष्टीची परीक्षा केली आहे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील फिलिपा लॅली व त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ जणांना प्रत्येकी एक लहानसा नियम निवडावयास सांगितला. तो नियम दिवसातील एखाद्या ठरलेल्या घटनेला जोडावयाचा होता, म्हणजे न्याहारी झाली की अमुक करावयाचे, या रीतीने. बारा आठवडे त्यांनी नोंद ठेवली. निष्कर्ष असा निघाला की नियम अंगवळणी पडण्यास साधारणतः ६६ दिवस लागतात. परंतु व्यक्तीप्रमाणे व नियमाप्रमाणे हा काळ १८ दिवसांपासून २५४ दिवसांपर्यंत बदलतो. एकवीस दिवसांत सवय जडते, ही जी समजूत सर्वत्र पसरली आहे, तिचे मूळ १९६० साली प्रसिद्ध झालेल्या एका पुस्तकात आहे. मॅक्सवेल माल्ट्झ या अमेरिकन शल्यविशारदाने आपल्या रुग्णांना बदललेल्या चेहऱ्याची सवय होण्यास किमान एकवीस दिवस लागतात असे त्यात नोंदविले होते. चेहऱ्याची सवय आणि नियमाची सवय यांत महदंतर आहे. बाविसाव्या दिवशी मन पूर्वीसारखेच कुरकुरू लागले तर साधकाने आपणांत काही उणे आहे असे समजू नये.

तेव्हा डोंबिवलीच्या उपदेशीने आपला नियम गाडीला जोडावा, हे ओघानेच येते. गाडी फलाट सोडून चालू लागली की पंचकृष्णांचे नाम घेण्यास आरंभ करावा आणि ठाणे स्थानक येईपर्यंत ते चालवावे, इतका लहान नियम पुरेसा आहे. कोपर, दिवा, मुंब्रा, कळवा ही स्थानके वाटेत आहेतच. त्यांवरून नियम किती चालला हे आपोआप कळते. येथे एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. सकाळच्या गर्दीत माळ हाती धरू नये. त्या वेळी दोन्ही हात डब्यातील कडीला वा दांडीला धरण्यासाठी आहेत. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळच्या वळणावर दारात लोंबकळणारे प्रवासी समोरासमोरून जाणाऱ्या दोन गाड्यांतून खाली पडले आणि त्यांपैकी काहींचे प्राण गेले. ठरलेली गाडी चुकली तर नियम चुकेल या भयाने धावत्या गाडीस लटकणे हा नियम नव्हे. पुढच्या गाडीतही तेच नाम घेता येते.

परंतु येथेच विचार थांबविला तर तो अपुरा राहील, कारण आगगाडी ही खुंटी वाटते तितकी पक्की नाही.

२२ मार्च २०२० च्या मध्यरात्रीपासून मुंबईच्या उपनगरी गाड्या बंद झाल्या. १५ जूनपासून त्या सुरू झाल्या त्या केवळ अत्यावश्यक सेवेतील कर्मचाऱ्यांसाठी. सर्वसामान्य प्रवाशास १ फेब्रुवारी २०२१ पासून ठरावीक वेळांतच मुभा मिळाली, एप्रिलमध्ये ती पुन्हा गेली, आणि १५ ऑगस्ट २०२१ पासून लसीच्या दोन्ही मात्रा घेतलेल्यांना प्रवास खुला झाला. म्हणजे ज्याचा नियम गाडीला बांधलेला होता त्याच्या नियमाची खुंटीच सुमारे सतरा महिने उपटलेली राहिली. वस्तुतः त्या काळात वेळेची काहीच वाण नव्हती. ज्या तीन तासांअभावी स्मरण होत नाही अशी तक्रार होती, ते तीन तास घरबसल्या हाती आले होते. तरीही कित्येकांचा नियम सुटला, आणि भरपूर वेळ असताना तो कसा सुटला याचे कोडे त्यांना उलगडले नाही. नियमाला मोकळा वेळ लागतोच असे नाही. तो कशामागून करावयाचा हे ठरलेले असावे लागते, आणि त्या दिवसांत तेच नाहीसे झाले होते.

दुसरे उदाहरण याहून सूक्ष्म आहे. दिवा व ठाणे यांच्या दरम्यान पारसिकच्या डोंगरातून सुमारे १.३ किलोमीटर लांबीचा बोगदा आहे. मुंब्र्याचा वळसा वाचविण्यासाठी काढलेला हा मार्ग १९१६ साली खुला झाला, आणि जलद गाड्या शंभरावर वर्षे त्यातून धावल्या. उजेडातून गाडी एकाएकी काळोखात शिरते, बोलणी थांबतात, आणि मिनिट-दीड मिनिट चाकांच्या घोषाखेरीज काही उरत नाही. स्मरणाची आठवण करून देण्यास याहून चांगली खूण या मार्गावर दुसरी नव्हती. परंतु २०२२ च्या आरंभी ठाणे-दिवा दरम्यानच्या पाचव्या-सहाव्या मार्गिकांचे काम पूर्ण झाले, लांब पल्ल्याच्या गाड्यांना बोगद्याचा मार्ग मिळाला, आणि जलद उपनगरी गाड्या मुंब्रा-कळव्याकडून जाऊ लागल्या. बोगदा लागला की नाम घ्यावयाचे, असा नियम एखाद्याने केला असेल तर त्याची गाडी, तिची वेळ आणि बसण्याची जागा सर्व तसेच राहिले. केवळ काळोख गेला. काळोखासवे आठवणही जाणे अगदी स्वाभाविक होते.

यावरून खुंटीची परीक्षा करता येते. जी घटना दुसऱ्याच्या हाती आहे, रेल्वेच्या, कार्यालयाच्या वा शासनाच्या, तिला टांगलेला नियम दुसऱ्याच्या हाती जातो. जी घटना आपल्या देहाबरोबरच चालते ती मात्र टाळेबंदीतही बंद होत नाही. निजून उठणे, स्नान करणे, चालणे, जेवणे आणि अंथरुणावर पाठ टेकणे या त्या घटना होत.

आता लीळाचरित्राकडे या दृष्टीने पाहावे. सर्वज्ञांच्या नित्य दिनक्रमाचे जे शब्द त्या ग्रंथात पुनःपुन्हा येतात, ते पंथीयांच्या कानांना इतके परिचित आहेत की त्यांकडे लक्षही जात नाही. पूजावसर, विहरण, आरोगण, व्याळी, पहुड, उपहुड. स्वामींच्या लीळा यांच्या आगेमागे घडतात. अमुक प्रश्न पूजावसरानंतर झाला, अमुक निरूपण विहरणास गेले असता झाले, अशी संगती ग्रंथ देत राहतो. वाचक कथेच्या ओढीने हे तपशील ओलांडून जातो. परंतु साधकाच्या दृष्टीने हीच खुंट्यांची ओळ आहे, कारण यांपैकी प्रत्येक क्रियेचे प्रतिरूप त्याच्या स्वतःच्या दिवसात आहे. सकाळी घरातून निघून स्थानकापर्यंत चालताना विहरणातील एक लीळा मनात आणावी. दुपारी कार्यालयात डबा उघडताना, पहिला घास घेण्यापूर्वी, आरोगणाच्या एखाद्या प्रसंगाचे स्मरण करावे. रात्री दिवा मालविताना पहुडाचे. नाम, लीळा, मूर्ती व चेष्टा या चहूंचे स्मरण सांगितले आहे, आणि गृहस्थास बहुधा नामापलीकडे जाणे साधत नाही. येथे लीळा आणि चेष्टा त्याच्या हाती आपसूक येतात. यासाठी वेगळा वेळ काढावा लागत नाही. लागते ते एवढेच की आदल्या रात्री दुसऱ्या दिवसाची एक लीळा वाचून ठेवलेली असावी.

भिक्षू व तपस्विनी यांच्या बाबतीत हा विचार अधिकच लागू पडतो. गृहस्थास निदान भिंत आहे. अटन करणाऱ्यास तीही नाही. स्वामींनी सांगितलेला आचार पाहिला तर साधकाच्या भोवतालचे स्थळाचे, माणसांचे आणि संग्रहाचे सर्व आधार एकामागून एक काढून घेतलेले दिसतात. एका स्थानी वास्तव्य नको, ओळखीपाळखीचा आसरा नको, एका घरचे अन्न नको. सामान्य मनुष्याच्या सवयी ज्या ज्या आधारांवर उभ्या असतात ते सर्व गेल्यावर नियम कशावर उभा राहावा? तो भिक्षेवर, भोजनावर, चालण्यावर आणि निद्रेवर उभा राहतो. गाव बदलले तरी या क्रिया बदलत नाहीत. अटनाचा मुख्य हेतू आसक्तीचा त्याग हा आहे, यात शंका नाही. तथापि त्याचे हेही एक फळ मानावे लागते, की स्थळाला टांगलेला नियम अटनात गळून पडतो आणि साधकाला लागलेला नियम तेवढा उरतो. आज आश्रमांतून स्थिर वास्तव्य वाढले आहे. आश्रमाच्या घंटेवर चालणारा नियम आपला आहे की घंटेचा, हे पाहण्याची संधी भिक्षूंना प्रवासात आपोआप मिळते. ती वाया जाऊ देऊ नये.

स्थळ बदलले तरी नियम न बदलण्याचे एक लौकिक उदाहरण याच प्रदेशातील आहे. डॉ. आनंदीबाई जोशी यांचा जन्म ३१ मार्च १८६५ रोजी कल्याणात झाला. नवव्या वर्षी त्यांचा विवाह टपाल खात्यात नोकरीस असलेल्या गोपाळरावांशी झाला. गोपाळरावांच्या बदल्या होत राहिल्या. अलिबाग, कोल्हापूर, भूज, कलकत्ता, श्रीरामपूर अशी बिऱ्हाडे होत गेली, आणि प्रत्येक ठिकाणी नवे घर, नवी भाषा व नवी अडचण असतानाही अभ्यास मात्र चालू राहिला. गोपाळरावांचा आग्रह प्रसंगी क्रूर होई, हे चरित्रकारांनी लपविलेले नाही. म्हणून आरंभीच्या अभ्यासास आनंदीबाईंचा नियम म्हणणे योग्य होणार नाही. तो लादलेला होता. चौदाव्या वर्षी त्यांना झालेले मूल दहा दिवसांत गेले, आणि त्यानंतर वैद्यक शिकण्याचा पण त्यांनी स्वतः केला. अभ्यास जो होता तोच राहिला, परंतु त्याचा धनी बदलला. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूर येथे भर सभेत त्यांनी आपल्या जाण्याची कारणे सांगितली आणि आपला आचार परदेशी सोडणार नाही असे वचन दिले. एप्रिलमध्ये त्या एकट्या निघाल्या. फिलाडेल्फियाच्या वैद्यक विद्यालयात असताना शाकाहार व साडी हे दोन्ही नियम त्यांनी पाळले, आणि ११ मार्च १८८६ रोजी पदवी संपादन केली.

या चरित्रातील एक बारीकशी गोष्ट नियमाचा विचार करणाऱ्याने विशेष लक्षात घ्यावी. तेथील थंडीत नऊवारीने पायांचे रक्षण होईना, तेव्हा त्यांनी साडी सोडली नाही. नेसण्याची रीत तेवढी गुजराती केली. नियमाचा प्राण कोणता आणि बाह्य आकार कोणता, याचा निवाडा त्यांनी विशीच्या आतच केला होता. तरीही त्यांचे शरीर त्या हवेत खंगलेच. क्षय घेऊन त्या परतल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, बावीस वर्षे पूर्ण होण्यापूर्वी, पुण्यात निवर्तल्या. नियमाचे कौतुक करताना देहाचा हिशेब विसरला जातो. उपवास, जागरण वा थंडीतील स्नान यांचा पण करणाऱ्या तरुण उपदेशींना त्यांच्या वडीलधाऱ्यांनी हे अवश्य सांगावे.

पणाचा आकार किती असावा, याविषयी एक कसोटी उपयोगी पडते. ज्या दिवशी सर्व काही प्रतिकूल असेल, अंगात कणकण असेल आणि घरी परतण्यास रात्रीचे अकरा वाजले असतील, त्या दिवशीही जे होऊ शकेल तेवढाच नियम बोलावा. त्याहून जे अधिक होईल ते त्या दिवसाचे वाढावा समजावे. लीळाचरित्र तरी एका झपाट्यात कोठे झाले? ज्यांनी ज्यांनी लीळा पाहिल्या-ऐकल्या होत्या त्यांच्याकडे म्हाइंभट स्वतः गेले, एकेक प्रसंग विचारून घेतला, नागदेवाचार्यांकडून त्याचा पडताळा पाहिला, आणि मग तो ग्रंथात आला. त्या दिवसांत त्यांच्या हाती एका वेळी एकच लीळा असे.

लहान नियमातही एक विष उत्पन्न होऊ शकते, ते गणनेचे. काही उपदेशी वहीत रोजच्या नामांची संख्या लिहितात. आरंभी ते हितकर असते, कारण मन आपल्याविषयी नेहमीच उदारपणे अंदाज बांधते आणि वही तसे करू देत नाही. परंतु लवकरच कालच्यापेक्षा आज अधिक, शेजारच्या उपदेशीपेक्षा आपण अधिक, असा हिशेब सुरू होतो. नाम ज्याचे घ्यावयाचे तो बाजूस राहतो आणि आकडा पूजिला जातो. रोज दहा हजार पावले चालण्याचा जो दंडक आज घरोघरी ऐकू येतो, तो १९६५ साली जपानात विक्रीस आलेल्या पावले मोजण्याच्या एका यंत्राच्या नावावरून रूढ झाला. गोल आकडा कानाला बरा वाटला आणि लोकांनी त्याला शास्त्र मानले. स्मरणाच्या आकड्यांचेही असेच होते. वही ठेवावयाची तर तीत केवळ ‘झाले’ किंवा ‘राहिले’ एवढेच लिहावे, आणि ती कोणास दाखवू नये.

राहिलेल्या दिवसाचे काय करावयाचे, हा प्रश्न साधकांना सर्वांत अधिक छळतो. पंथात अनुशोच हा शब्द आहे, आणि त्याचा अर्थ हातपाय गाळून बसणे असा नाही. अनुशोचाने साधक पुन्हा विधीकडे वळतो. ज्या दुःखाने तो विधीपासून आणखी दूर जातो, एकदा मोडले आता कशास करावयाचे असे ज्यात वाटते, त्याला अनुशोच म्हणता येत नाही. ते आळसाने पांघरलेले दुःखाचे वस्त्र असते. वर उल्लेखिलेल्या लंडनच्या परीक्षेतही आढळले की एखादा दिवस चुकल्याने सवय जडण्याच्या क्रमास म्हणण्यासारखी बाधा येत नाही. म्हणून चुकलेल्या दिवसाची भरपाई दुसऱ्या दिवशी दुप्पट करून काढण्याच्या फंदात पडू नये. दुप्पट होत नाही, आणि मग दोन दिवस चुकल्याचे ओझे होते. दुसऱ्या दिवशी नेहमीइतकेच करावे. चुकल्याचे निवेदन आपल्या गुरूंपाशी करावयाचे असेल तर तेही करावे.

शेवटी आयुष्यातील त्या वळणाचा विचार केला पाहिजे जेथे या प्रदेशातील उपदेशींचे नियम सर्वांत अधिक संख्येने मोडतात. ते वळण म्हणजे सेवानिवृत्ती. राज्य शासनाचे बहुतेक कर्मचारी ५८ व्या आणि केंद्र शासनाचे ६० व्या वर्षी निवृत्त होतात. तोवर प्रत्येकजण म्हणत असतो की एकदा नोकरी सुटली म्हणजे मनसोक्त स्मरण करू. पास संपतो, गाडी सुटते, डबा उघडण्याची वेळ जाते, आणि पस्तीस वर्षांच्या दिनक्रमातील सर्व खुंट्या एका दिवसात निघतात. सकाळ वर्तमानपत्रात जाते, दुपार निद्रेत.

याची रंगीत तालीम मात्र दर आठवड्यास होत असते, कारण रविवारी गाडी नसते. ज्याचा नियम रविवारी सुटतो त्याचा नियम निवृत्तीनंतरही सुटेल, असे धरून चालावे. अशा उपदेशीने निवृत्तीची वाट न पाहता आताच रविवारसाठी वेगळी खुंटी ठोकावी. सकाळचा चहा झाला, पेला विसळून ठेवला, की तेथेच उभ्याने पाच नामे घ्यावी आणि आदल्या रात्री वाचलेली लीळा एकदा मनात आणावी. डोंबिवलीच्या दोन खोल्यांच्या घरात, मुले दूरदर्शनसंच लावून बसली असताना, स्वयंपाकघराच्या ओट्यापाशी एवढे निश्चित होऊ शकते. वर्षात असे बावन्न रविवार येतात.